किटलीभर राग

गुलाब मेला, मुंग्या राहिल्या. घडलं ते एवढंच. अंगणाच्या कडेला एक कुंडी होती. तिच्या काठावरून काळ्या मुंग्यांची रांग दिवसभर वर-खाली करायची आणि खोडाभोवतीची माती कुणी चाळून ठेवल्यासारखी भुसभुशीत झाली होती. एका सकाळी कुणाचा तरी संयम सुटला. किटलीत पाणी उकळलं आणि धार थेट बुंध्याशी धरली गेली. माती सुस्कारली, वाफाळलेला ओला वास वर आला, पाण्यावर शेकडो काळी टिंबं तरंगली. तिसऱ्या दिवशी पानं कडेने करपली, आठवड्याभरात खोड तपकिरी पडलं. दहाव्या दिवशी त्याच काठावरून, त्याच तड्याच्या डाव्या अंगाने, रांग पुन्हा चालू झाली. मेलेल्या झाडाच्या कुंडीत.

हे असं का झालं याचं उत्तर अवघड नाही. उकळतं पाणी मातीत उतरता उतरता थंड होत जातं. वरच्या चार बोटांत ते मुळं अक्षरशः शिजवतं, पण तळाच्या भोकापर्यंत किंवा कुंडीखालच्या फटीपर्यंत पोचेतो कोमट झालेलं असतं, आणि वस्ती बरेचदा तिथेच असते. उघड्या जमिनीवरच्या लाल चावऱ्या मुंग्यांच्या वारुळावर हा उपाय थोडाफार चालतो. पण तिथेही एका वारुळाला दहा-बारा लिटर जवळजवळ उकळतं पाणी लागतं आणि एवढं करून दहांतली सहाएक वारुळं मरतात. उरलेली चार वारुळं हात-दोन हात सरकून पुन्हा वर येतात. शिवाय ते पाणी उचलून नेणाऱ्याचे पाय भाजण्याची भीती असतेच.

तरीही किटली हाताशी येते. कारण समोर मुंगी दिसते आणि दिसेल ते मारावं असं वाटतं.

घोळ इथेच आहे. जी दिसते ती वस्तीचा फार लहान हिस्सा असते, आणि बहुतेक जातींत तर सर्वांत म्हातारा हिस्सा. कामकरी मुंगी तरुणपणी आत असते, अंडी-अळ्या सांभाळते, बोगदे साफ करते. वय झालं की तिला बाहेर अन्न शोधायला पाठवतात. बाहेर मरण जास्त, म्हणून ज्यांचं आयुष्य थोडं उरलं आहे त्या बाहेर. आपण टाचेखाली चिरडतो त्या या आज्या. त्यांची जागा घ्यायला आत पुढची फळी तयारच असते. आणि सगळ्यात खोल, जिथे झाडू, टाच किंवा किटली कधीच पोचत नाही, तिथे राणी बसलेली असते. युरोपातल्या बागांत सर्रास आढळणाऱ्या एका काळ्या मुंगीच्या जातीची राणी बंदिस्त जागेत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. एवढ्या काळात घराला दोनदा रंग लागतो, माणसं बदलतात, झाडं बदलतात. ती मात्र अंडी घालतच असते.

रांग ही गोष्ट नीट पाहिली तर रागाला थोडी जागा कमी पडते. अन्न सापडलेली मुंगी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत येते आणि वासाचे ठिपके सोडते. पुढची त्या वासावर जाते, अन्न मिळालं तर आपला वास त्यात मिसळते, नाही मिळालं तर मिसळत नाही. रांग म्हणजे अशा हजारो होकारांची बेरीज. अन्न संपलं की होकार थांबतात आणि वास विरून जातो. पण अन्न असेपर्यंत वास जमिनीवर टिकून असतो, म्हणून नुसतं कोरड्या फडक्याने पुसून भागत नाही. एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा भांडी घासायचा द्रवसाबण घालून पुसलं तर वासही निघतो आणि ज्यांच्या अंगावर ते पाणी पडेल त्या मुंग्याही मरतात. पुसल्यावर दोन्ही बाजूंच्या मुंग्या त्या ओल्या पट्ट्याशी येऊन थबकतात, मिशा हलवत गोल फिरतात, एखादी धीर करून पुढे येते आणि मागे वळते. बघायला मजा वाटते, थोडी लाजही वाटते. पण फट उघडी असेल आणि आत साखर असेल तर थोड्या वेळात कुणीतरी नवी वाट पाडतंच. पुसणं हे शेवटचं काम आहे, पहिलं नव्हे. व्हिनेगरचंही तेच, शिवाय ते झाडावर उडालं तर पान जाळतं. दालचिनी, कॉफीची पूड, खडूची रेघ यांनी रांग वळसा घेते, घर सोडत नाही. रवा खाऊन मुंग्या फुगून फुटतात ही कहाणी तर मुंगीचं तोंड माहीत नसलेल्या माणसाने रचली असावी. पूर्ण वाढलेली मुंगी घन कण गिळूच शकत नाही. ती द्रव पिते. घन घास अळ्यांपुढे नेऊन ठेवते, अळ्या तो पचवतात.

आणि फवारा? डब्यातल्या बहुतेक फवाऱ्यांत असलेली औषधं मुंगीला जवळ आल्याबरोबर जाणवतात. अंगावर पडलं तर ती मरते, नाहीतर टाळते. एकच राणी असलेली वस्ती यामुळे जागा बदलते. पण काही जातींच्या वस्तीत राण्या अनेक असतात. डोकं काळं आणि पोट जवळजवळ पारदर्शक असलेली, दोन मिलिमीटरसुद्धा न भरणारी ती इवलीशी मुंगी त्यातलीच. अशा वस्तीला धक्का बसला की ती फुटते. एक राणी, थोड्या कामकरी, थोडी अंडी घेऊन एक टोळी भिंतीत जाते, दुसरी माळ्यावर, तिसरी पाण्याच्या मीटरच्या खोक्यात. एका रांगेच्या चार झाल्या की माणूस आणखी मोठा डबा आणतो. उरलेलं औषध पावसाच्या पाण्याबरोबर गटारात आणि पुढे ओढ्यात जातं, तिथे माशांना ते फार कमी मात्रेतही बाधतं.

मग राहतं ते आमिष, आणि त्याबद्दल मनात दोन आवाज आहेत. आधी कृती. एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम साखर आणि दहा ग्रॅम बोरिक ॲसिड, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून. म्हणजे विषाचं प्रमाण साधारण एक टक्का. टाकणखार (बोरॅक्स) वापरायचा असेल तर पंधरा ग्रॅम लागतो, कारण त्यात विषाचं काम करणारं बोरॉन कमी असतं. चमच्याने नव्हे, तोलून. लोक नेमके इथे चुकतात. दहा ग्रॅमने मरतात तर पन्नासने लवकर मरतील, असा हिशोब करतात. पन्नासने येणारी मुंगी एकतर चाखून निघून जाते किंवा घरी पोचून वाटण्याआधीच मरते, आणि वस्तीला काहीच होत नाही. इथे विष जितकं सावकाश, तितकं उपयोगी. झाकणाच्या एखाद्या लहान प्लास्टिकच्या डबीला तळापासून बोटभर उंचीवर तीन मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडायची, आत कापूस ठेवून तो पाकात भिजवायचा, झाकण लावून वर दगड ठेवायचा. भोक याहून मोठं झालं तर मधमाशी शिरते. पाकात मध तर मुळीच घालू नये, तो मधमाश्यांना लांबून बोलावतो. डबी रांगेच्या शेजारी, सावलीत. उन्हात पाणी उडून जातं, पाक दाट होतो आणि आपण मोजलेला एक टक्का नकळत तीन होतो. दर तीन-चार दिवसांनी पाक बदलायचा. लहान मुलं आणि पाळीव जनावरं पोचणार नाहीत अशी जागा हवी, डबीवर ‘विष’ असं लिहायला हवं, आणि उरलेला पाक झाडाच्या बुंध्याशी ओतायचा नाही. मातीत बोरॉन जास्त झालं की पानांच्या कडा जळतात, आणि मग मुंग्यांचा दोष नसताना शिव्या मुंग्यांनाच पडतात.

यातला कठीण भाग म्हणजे पहिले दोन दिवस. डबी ठेवल्यावर मुंग्या कमी होत नाहीत, वाढतात. रांग जाड होते, भोकांशी गर्दी होते, पोटं फुगून आरपार दिसायला लागतात. पाहणाऱ्याचा हात फवाऱ्याकडे जातो. तो जाऊ द्यायचा नाही. त्या रांगेला पुसायचं नाही, फुंकायचं नाही, जवळपास साबणाचा थेंबही नाही. आठवड्याभरात गर्दी विरळ होते, वस्ती मोठी असेल तर तीन-चार आठवडेही लागतात. पाकाकडे कुणी फिरकलंच नाही तर वस्तीत अळ्या जास्त आहेत आणि साखरेऐवजी तेलकट किंवा प्रथिनांचं काहीतरी हवं आहे असं समजायचं. कार्डाच्या तुकड्यावर एका बाजूला पाकाचा थेंब, दुसऱ्या बाजूला शेंगदाण्याच्या कुटाचा तेलकट गोळा ठेवून अर्धा तास वाट पाहिली की उत्तर मिळतं. लाल चावऱ्या मुंग्यांना तर बहुधा तेलच लागतं. त्यांच्यासाठीचं दाणेदार आमिष वारुळाच्या माथ्यावर न टाकता भोवती हातभर अंतरावर विखरायचं, जमीन कोरडी असताना, पुढच्या दिवसभरात पाऊस किंवा पाणी देणं नसताना. उघडून ठेवलेल्या पुड्यातलं तेल खवट झालं की मुंग्या त्याला तोंड लावत नाहीत, आणि पुडा पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवला असेल तरीही नाही.

आता दुसरा आवाज. हे सगळं चालतं ते मुंग्यांच्या वाटून खाण्यावर. मुंगीला दोन पोटं असतात. एक स्वतःचं, त्याच्या आधी एक सगळ्यांचं. बाहेरून आणलेला पाक त्या सामाईक पोटात राहतो. घरी गेल्यावर भुकेली मुंगी मिशांनी तिचा चेहरा थोपटते आणि ही तोंडातून थेंब काढून देते. तिच्याकडून तिसरीला, तिसरीकडून अळीला, शेवटी राणीला. फवाऱ्याने आपमतलबी मुंगीलाही मारलं असतं. एक टक्क्याचा पाक फक्त देणाऱ्यांच्या घरात चालतो. डबी भरताना हे आठवलं की हात किंचित अडखळतो. तरी डबी भरली जाते, कारण स्वयंपाकघराच्या भिंतीत चार रांगा आहेत आणि दुसरा कुठलाच उपाय आत पोचत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

अंगणातल्या सगळ्याच मुंग्यांवर हे अस्त्र काढायची गरज नसते, आणि मला वाटतं निम्मी लढाई ही निवड करण्यात आहे. झाडाच्या शेंड्याशी मुंग्यांची ये-जा दिसली की माणूस मुंग्यांवर धावतो. त्याने आधी पान उलटं करावं. तिथे मावा असतो, पिठ्या ढेकूण असतो, नाहीतर खोडाला चिकटलेली खवले कीड. ते रस शोषतात आणि मागून गोड चिकटा टाकतात. मुंगी त्या चिकट्यासाठी येते आणि गुराख्यासारखी राखण करते. मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) जवळ आला की त्याला हुसकते, माव्यात अंडी घालू पाहणाऱ्या बारीक गांधीलमाशीला टिकू देत नाही. चिकट्यावर मग काळी बुरशी चढते आणि पान काजळी धरल्यासारखं दिसतं. मुंगी झाड खात नसते, झाड खाणाऱ्यांचा पहारा करत असते. पहारा उठवला की बाकीचं काम बरेचदा ढालकिडेच करतात. खोडाभोवती आधी कापसाचा थर, म्हणजे सालीच्या खोबणींतून बोगदा उरत नाही. त्यावर चार बोटं रुंद टेप घट्ट, आणि टेपवर न सुकणारा चिकट लेप. थेट सालीवर लेप लावला तर कोवळी साल बिघडते. दर पंधरवड्याला पाहायचं, कारण धूळ बसून लेप निकामी होतो आणि काही मुंग्या मातीचे कण आणून त्यावर चक्क पूल बांधतात. वाढत्या झाडाचा पट्टा सैल करत राहायचा, नाहीतर गळफास लागतो. आणि हे सगळं करून एखादी फांदी भिंतीला टेकत असेल, तर सगळं व्यर्थ. मुंग्या पट्ट्याकडे बघतसुद्धा नाहीत, भिंतीवरून झाडावर जातात. फांदी छाटायची. माव्यावर पाण्याचा जोरदार झोत पानाच्या खालच्या बाजूने, दर दोन-तीन दिवसांनी, आठवडाभर. बाकी काही लागत नाही.

उलट प्रकारही आहे. चीनच्या दक्षिणेकडे संत्रावर्गी फळबागांत पानं शिवून घरटं करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची घरटी पिशवीत भरून विकली जात आणि शेतकरी ती झाडावर बांधत, असं वर्णन इसवी सन ३०४ च्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या लेखनात आहे. मुंग्या फळांवरचे किडे खात. त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर जाता यावं म्हणून पुढे बांबूचे पूलही बांधले जाऊ लागले. एकीकडे वाट तोडायला चिकट पट्टा, दुसरीकडे वाट जोडायला बांबू. कोपऱ्यातल्या मोकळ्या जमिनीत चार-दोन बिळं असतील, ती कुणाला चावत नसतील, घरात येत नसतील, तर त्यांना असू द्यावं. त्या माती पोकळ करतात, मेलेले किडे उचलतात. २०२२ साली शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या मुंग्यांचा अंदाज मांडला तो २० पुढे १५ शून्यं एवढा आहे. त्यातल्या आपल्या कुंपणाआतल्या तेवढ्या संपवायच्या, या निश्चयातली गंमत किटली हातात असताना दिसत नाही.

घरात येणाऱ्यांचं काम मात्र कारागिरीचं आहे. मुंगी शिरायला जागा नाही, असं आपण गर्दीबद्दल म्हणतो, पण ते म्हणणाऱ्याने मुंगी नीट पाहिलेली नसावी. मिलिमीटरभर फट तिला दरवाज्यासारखी असते. नळाचा पाइप भिंतीतून जातो तिथली गोल फट, खिडकीच्या चौकटीचा सुटलेला कोपरा, वायरीचं भोक. आधी दोन-तीन संध्याकाळी रांग कुठून येते ते पाहावं, रात्री विजेरी घेऊनही, कारण मोठे मुंगळे बरेचदा अंधारातच फिरतात. आमिषाने वस्ती ओसरली की मगच सीलंट. आधी बुजवलं तर आत अडकलेल्या मुंग्या दुसऱ्या खोलीत निघतात. भिंतीला लागून पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर ते वीतभर मागे ओढायचं, गळता नळ दुरुस्त करायचा. लाकडी दाराखाली लाकडाचा भुसा साचत असेल तर मुंगळे ओलसर लाकूड पोखरत आहेत. ते लाकूड खात नाहीत, राहायला कोरतात, म्हणून औषधाआधी ओल कुठून येते ते शोधायचं. पावसानंतर पंखांचे किडे उडाले की ‘वाळवी, वाळवी’ असा गलका होतो. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, तर ती मुंगी. वाळवीला कंबर नसते, मिशा सरळ असतात, चारी पंख सारखे. त्या उडणाऱ्या मुंग्यांना मारत बसण्यात अर्थ नाही. नर काही दिवसांतच मरतात. जगलीवाचली राणी स्वतःचे पंख उतरवते, जमिनीत एकटी शिरते, आणि अनेक जातींत न खाता, उडायचे स्नायू अंगात विरघळवून पहिल्या अळ्यांना पोसते.

राहिली ती कुंडी. तिथे मुंग्या आल्या त्याचं कारण माती कोरडी होती, एवढंच. मुंगी मुळं खात नाही, पण बोगद्यांमुळे मुळांभोवती हवा राहते आणि दिलेलं पाणी पोकळीतून सरळ तळाला जातं. झाड तहानेनं मरतं आणि कुंडी मात्र रोज ओली दिसते. किटलीऐवजी एक खोल बादली हवी होती. कुंडी तिच्यात हलकेच उतरवायची आणि मातीच्या वर दोन बोटं येईल इतकं साधं, थंड पाणी भरायचं. बुडबुडे येतात, मग मुंग्या वर येतात, काठ गाठतात, खोडावर चढतात. त्याआधी कुंडीच्या काठावरून बाहेर ठेवलेल्या दुसऱ्या कुंडीपर्यंत एक काठी टेकवून ठेवायची. त्या दुसऱ्या कुंडीत किंचित ओलसर, सैल माती, आणि वर सावली. पहिल्या एक-दोन जणी काठीवर जाऊन पाहून येतात. काही वेळ काहीच घडत नाही. मग रांग लागते, आणि या वेळी रांगेतल्या बहुतेकींच्या तोंडात काहीतरी पांढरं असतं, तांदळाच्या कणीएवढं. अंडी, अळ्या, कोश. अर्ध्या-पाऊण तासानंतर कुंडी उचलून निथळवायची, मुळांना कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण लागला आहे का ते पाहायचं, विटेच्या तुकड्यांवर टेकवून खाली साबणाच्या पाण्याची ताटली ठेवायची. मातीतल्या हवेच्या कप्प्यात काही मुंग्या उरतात, म्हणून दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा. दुसरी कुंडी अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवायची. पण ते नंतर. कणी तोंडात धरलेली शेवटची मुंगी पलीकडे उतरेपर्यंत काठी हलवायची नाही.